मागच्या सीटचं माप

तीन वर्षांपूर्वी मी बायकोला पेट्रोल पंपावर विसरून घरी आलो. आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की आता ती लिहायला मला लाज वाटत नाही. फक्त ती नीट सांगायला हवी, कारण सांगणारा प्रत्येक जण तिच्यात भर घालतो. माझ्या एका मावससाळ्याच्या तोंडी तर मी तिला दुसऱ्या जिल्ह्यात विसरलो होतो.

खरं इतकंच आहे. आम्ही महाल भागातल्या बाजारातून खरेदी करून मनीषनगरला घरी परत येत होतो. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. टाकी उघडायची म्हणून ती उतरली आणि बाजूला सावलीत उभी राहिली. मी पेट्रोल भरलं, झाकण लावलं, किक मारली आणि निघालो. ऑफिसात नवीन साहेबांनी सगळी कपाटं भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली होती, तो किस्सा मी तिला अर्धा सांगितला होता. उरलेला अर्धा वाटेत सांगितला. रंगवून सांगितला. घराच्या गेटशी गाडी थांबवून "उतर" म्हटलं, आणि मागे कोणी नव्हतं.

तिची पर्स, पर्समध्ये तिचा मोबाइल, हे सगळं माझ्या हँडलला लटकत होतं. मी परत पंपावर गेलो तोवर ती ऑटोने घरी निघाली होती.

घरी ती ओट्याशी भाजी निवडत बसली होती. चिडलेली नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"विसरले ते ठीक आहे," ती म्हणाली. "माणूस छत्री विसरते, तुम्ही मले विसरले. पण तीन किलोमीटर तुम्ही माझ्याशी बोलत आले ना?"

"हो."

"मी एकदाही 'हो' नाही म्हटलं, 'हूं' नाही म्हटलं. तुमच्या ध्यानात आलं नाही काय?"

मी खरं बोललो, आणि तिथेच चुकलो. "मले वाटलं, तू ऐकून राहिली."

तिने एक मेथीची जुडी संपवली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "आता मी तुमच्या मागं बसत नाही."

मला वाटलं होतं आठवडाभराचा प्रश्न आहे. महिन्याभरात तिने स्वतःची स्कूटी घेतली. ती शाळेत शिकवते, तिला रोज जायचंच होतं, त्यामुळे कारणही सरळ होतं. पण लग्नकार्यालाही आम्ही दोन गाड्यांवर जाऊ लागलो. ती पुढे, मी मागे. मंडपात दहा मिनिटांच्या अंतराने पोचायचो आणि कोणी ना कोणी आत्या तिला बाजूला घेऊन विचारायची, "काहून वं, सगळं ठीक आहे ना घरी?" ती म्हणायची, "हो, ठीक आहे. हे फक्त मले विसरतात." आत्या हसायची. मीही हसायचो. तीन वर्षं असं हसणं म्हणजे गालाला व्यायाम होतो, दुसरं काही नाही.

अशा वेळी शहाणी माणसं माफी मागतात. मी मोटरसायकल बांधायला घेतली.

त्याचं असं झालं की मोबाइलवर जुन्या गाड्यांना नवं रूप देणाऱ्यांचे व्हिडिओ मला दिसू लागले. गंजलेली, कोणी भंगारातही न घेणारी गाडी, दहा मिनिटांत चमकून उभी राहायची. आमची गाडी तर गंजलेलीही नव्हती. लग्नाच्या वर्षी घेतलेली, शंभर सीसीची, बावीस वर्षं रोज चाललेली. टाकीला दोन पोचे, सीट मधोमध बसलेली, आवाज मात्र शाबूत. मला वाटलं, ही जर नव्याने बांधली, आपल्या हाताने बांधली, तर बायको बघेल की या माणसाला एखादी गोष्ट मनावर घेता येते. मग ती बसेल. एवढाच हिशेब होता. कागदावर मांडला असता तर त्यातली चूक कदाचित दिसली असती. ऑफिसात मी सगळंच कागदावर मांडतो, घरचं काही मांडत नाही.

महालात एका गल्लीत, जिथे चारचाकी वळत नाही, तिथे आमच्या मिस्त्रीचं दुकान आहे. ही गाडी तो अठरा वर्षं सांभाळतो. मी त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. बुटकी, लांबट, टाकीमागे एकट्याची सीट आणि सीटमागे कासवाच्या पाठीसारखा उंचवटा.

त्याने फोटो बोटांनी मोठा केला, मग लहान केला. "भाऊ, नवीनच घ्या ना गा एखादी."

"नवीन नाही. हीच. पण अशी."

"हिले मागचं मडगार्ड नाई. पावसाळ्यात तुमच्या पाठीवर नकाशा निघन."

"निघू दे."

"अन् तुमचं वय?"

"एकावन्न."

"मंग बरोबर आहे," तो म्हणाला. "पन्नाशीनंतर लोकं एक तर गुडघ्याचं ऑपरेशन करतात नाई तर असं काहीतरी."

ठरलं की दर रविवारी दुकान बंद असताना आम्ही दोघांनी काम करायचं. सोडवणं, घासणं, धुणं माझ्याकडे; वेल्डिंग आणि इंजिन त्याच्याकडे. गाडी सोडवणं मला फार आवडलं. नोकरीत मी अठ्ठावीस वर्षं गोष्टी जोडतोच आहे, कागदाला कागद, पत्राला पत्र. सोडवायला पहिल्यांदा मिळत होतं. नटबोल्ट मी श्रीखंडाच्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: इंजिन उजवे, इंजिन डावे, पुढचे चाक. व्यवस्थित काम. फक्त चिठ्ठ्या झाकणांवर लावल्या होत्या, आणि दुसऱ्या रविवारी मिस्त्रीने चहाला जागा करायला सगळी झाकणं एकत्र काढून ठेवली. त्यानंतर गाडी जोडताना चार बोल्ट उरले. मिस्त्री म्हणाला कंपनी जास्तीचेच देते. मी ते अजून सांभाळून ठेवले आहेत.

टाकी घासायला मी घरी आणली. आमच्या बाल्कनीत कूलरच्या स्टँडवर ठेवून रोज संध्याकाळी पॉलिश पेपर मारायचो. बायको वाळत घातलेले कपडे काढायला यायची, टाकीला वळसा घालून जायची.

एकदा तिने विचारलं, "हे कशासाठी चालू आहे?"

"आपल्यासाठी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

आमच्या ऑफिसच्या भाषेत याला विचाराधीन म्हणतात. मंजूर नाही, पण फेटाळलेलंही नाही. मी दुप्पट जोराने घासू लागलो. पहिला रंग मी स्वतः ब्रशने दिला. तो म्हशीने चाटल्यासारखा दिसू लागला, म्हणून पुन्हा घासून शेवटी गल्लीतल्या डेंटिंगवाल्याकडून मारून घेतला. गडद हिरवा. तो मात्र छान आला.

मी सरकारी नोकर असल्यामुळे नियम आधीच छापून आणले होते. फ्रेमवरच्या नंबराला हात लावायचा नाही, दिवे हवेत, मागची नंबरप्लेट हवी. सगळं वाचलं. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला पायदान, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी, ही ओळसुद्धा त्याच पानावर होती. ती मी वाचली आणि स्वतःशी म्हटलं, आपली सीट एकट्याची आहे, हे लागू नाही. पुढचं कलम वाचायला घेतलं. एखाद्या हुशार माणसाला त्या क्षणी काहीतरी खटकलं असतं.

कापायच्या दिवशी मिस्त्रीने सीटखालच्या दोन पाइपांवर खडूने रेघ ओढली.

"इथून?" त्याने विचारलं.

"इथून."

"पक्कं ना भाऊ? कापल्यावर जुडत नाई असं नाई. पण मंग ते जुडलेलं दिसते."

"कापा."

ठिणग्या उडाल्या, आणि गाडीचा हातभर मागचा भाग खाली पडला. मी त्याचा व्हिडिओ काढला.

चार महिने गेले. शेवटी गाडी उभी राहिली. हुबेहूब फोटोसारखी नाही, पण फोटोच्या चुलत भावासारखी. किक मारली, सुरू झाली. मी गल्लीत दोन चकरा मारल्या आणि त्याच भरात बायकोला फोन करून म्हणालो, शाळा सुटली की इकडेच ये. तुला बघायचं आहे ते तयार झालं. खरं तर तिने काही बघायचं आहे असं कधी म्हटलं नव्हतं.

शनिवार होता. सकाळची शाळा करून ती स्कूटीवर आली. हेल्मेट काढलं, पदर सारखा केला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवरून हात फिरवला. कासवाच्या पाठीशी येऊन थांबली. मी बाजूला उभा होतो, मुलाखतीला आल्यासारखा.

"मिस्त्रीभाऊ, गाडी छान झाली," ती म्हणाली. "हे आता एकटे कुठंही सुखानं जातील."

आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "विसरायचा प्रश्नच मिटवून टाकला तुम्ही."

मी सीटकडे बघितलं. चार महिने मी त्या सीटकडेच बघत होतो. तिच्यावर फक्त एकाची जागा आहे हे मला माहीत होतं. त्या एकाचा अर्थ काय, ते पहिल्यांदा कळत होतं.

मिस्त्री पान्यावरचं ग्रीस पुसत माझ्याकडे बघत होता. "भाऊ, तुमी तर बोलले नाई वहिनी बसणार म्हणून!"

"तिच्यासाठीच तर बांधून राहिलो होतो," मी म्हणालो.

"अन् बसण्याची जागाच कापायला लावली?"

"हो."

"का बे!" मिस्त्री म्हणाला. अठरा वर्षांत त्याने मला कधी 'बे' म्हटलं नव्हतं. मग लगेच, "म्हंजे, काहून भाऊ?"

बायको हसली. मला हसू आलं नाही, कारण ती हेल्मेट घालायला लागली होती, आणि ते एकदा घातलं असतं तर पुढे आणखी तीन वर्षं गेली असती हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हणालो, "थांब वं. पुन्हा जोडू. तू सांग कसं पाहिजे ते. सगळं तू सांग."

"मी सांगितलं तर ऐकाल?"

"लिहून घेतो."

हे मी घाबरून बोललो, पण तिला ते पटलं असावं. तिने हेल्मेट स्कूटीवर ठेवलं.

मिस्त्रीने दुरुस्तीला आलेली दुसरी एक मोटरसायकल मोठ्या स्टँडवर चढवली आणि म्हणाला, "वहिनी, हिच्यावर बसा. जशा नेहमी बसत होत्या तशा." ती एका बाजूने बसली, जशी बावीस वर्षांतली एकोणीस वर्षं माझ्यामागे बसत आली. मी समोर उभा राहून बघत होतो. बसलेलं मी तिला कधी बघितलंच नव्हतं. बघणार कसा? मी पुढे असायचो.

तिची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. तिचे पाय पायदानाच्या वर लोंबकळत होते. चांगली चार बोटं वर. उजव्या चपलेचा अंगठा तेवढा ताणून टेकवायची धडपड चालली होती.

"पाय पोचत नाही?" मी विचारलं.

"नाही पोचत."

"आपल्या गाडीवर पोचत होता ना?"

"तिच्यावरही नव्हता पोचत."

"एकोणीस वर्षं?"

"एकोणीस वर्षं. म्हणून तर पायाला मुंग्या यायच्या. म्हणून पंपावर उतरून उभी राहायची मी. तुम्हाला काय वाटलं, मले पेट्रोल पाहायचं असायचं?"

"मग बोलली काहून नाही?"

"दर वेळी बोलली," ती म्हणाली. "तुम्ही पुढे पाहत होते."

मी खिशातून डायरी काढली आणि लिहिलं: पायदान चार बोटं वर.

पुढचा अर्धा तास ती आणि मिस्त्री बोलत होते आणि मी लिहीत होतो. धरायची कडी मागे नको, डाव्या बाजूला हवी, कारण मागे हात नेला की खांदा भरून येतो. सीटला पुढे उतार नको. ब्रेक लागला की ती माझ्यावर सरकते आणि मी म्हणतो 'ढकलू नको'. असं मी म्हणतो हे मला माहीत नव्हतं. तेही लिहिलं. जाळी मोठी हवी, पदर नाही तर ओढणी, दोन्ही आत जाता कामा नयेत. मिस्त्रीने खडूने तिच्या टाचेशी खूण केली आणि टेप लावला.

"माही बायको तर म्हणते, तुह्या मागं बसण्यापरीस ऑटो बरा," तो म्हणाला.

"तिलेही एकदा इथं बसवून पाहा ना," बायको म्हणाली. मिस्त्रीने ते हसण्यावारी नेलं, पण टेप गुंडाळण्याआधी पायदानाची उंची पुन्हा एकदा मोजली.

जाताना मी विचारलं, "मग बसशील ना?"

"मी माप दिलं," ती म्हणाली. "बसते असं नाही म्हटलं."

कापलेला भाग परत जोडायला कापण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. मिस्त्री म्हणाला होता तसंच झालं, जोड दिसतो. रंगाखालीही दोन गाठी आल्यासारख्या दिसतात. कासवाची पाठ काढली, मडगार्ड परत आलं, सीट सपाट आणि लांब झाली. फोटोतल्या गाडीशी आता हिचं काही नातं उरलं नाही. गल्लीतल्या सीटवाल्याने विचारलं, "ही कोणत्या मॉडेलची आहे?" मी म्हणालो, घरगुती. आरटीओत रीतसर अर्ज केला, गाडी दाखवली, चकरा झाल्या. त्या चकरांबद्दल मी तक्रार करणार नाही. लोकांना चकरा मारायला लावणाऱ्यांपैकी मी स्वतः आहे.

गाडी घरी आली. खाली पार्किंगमध्ये स्कूटीच्या शेजारी उभी राहिली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बायको रोज तिच्यासमोरून स्कूटी काढायची आणि शाळेत जायची. मी विचारत नव्हतो. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि न विचारता दिवसभर तिच्या मागे मागे फिरायचो. ती एकदा म्हणाली, "दरवाज्यात उभे नका राहू, प्रकाश अडून राहिला."

तिसऱ्या रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "रामटेकले जाऊ."

"कोणत्या गाडीने?"

"दोन गाड्या कशाले इतक्या दूर? पण हेल्मेटमध्ये माझं बोलणं तुमाले ऐकू येणार नाही. तसंही नव्हतं येत. मी खांद्यावर थाप मारीन. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. थांबा म्हणजे थांबायचं. 'पुढच्या गावात थांबू' नाही."

"लिहून घेऊ?"

"ध्यानात ठेवा."

खाली आलो. ती बसली. मी मान वळवून बघितलं: पाय पायदानावर सपाट टेकला होता, पूर्ण तळवा. तिने पाय थोडा पुढे-मागे करून बघितला, मग तसाच ठेवला. मी किक मारली, कारण बोलत बसलो असतो तर गाडी उशिरा निघाली असती.

कामठीपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही. एकही किस्सा सांगितला नाही. सगळं लक्ष माझ्या डाव्या खांद्यात होतं. इतकं लक्ष मी गाडी चालवताना रस्त्याकडेही कधी दिलं नव्हतं. कन्हानचा पूल ओलांडला आणि खांद्यावर दोन थापा पडल्या. मी लगेच बाजूला घेऊन थांबलो, हेल्मेट काढलं.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "थांबता का ते पाहिलं."

पुढे आणखी पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा दोन थापा. थांबलो. धानाच्या बांध्यांत बगळे उतरले होते, ते तिला दाखवायचे होते. बघितले. तिसऱ्यांदा मनसरच्या अलीकडे. त्या वेळी मात्र ती खाली उतरली, कमरेवर हात ठेवून जरा वाकली, सरळ झाली.

"सीट कडक आहे," ती म्हणाली. "मागच्या बाजूनं. उद्या मिस्त्रीले सांगू, एक बोटभर फोम टाकून दे म्हणावं. नाही तर पुढच्या खेपेले इतक्या दूर जमणार नाही मले."

पुढच्या खेपेले, म्हणाली. मी खिशातून डायरी काढली, पेन काढला, टाकीवर डायरी टेकवली आणि तारीख घातली.

"लिहाल नंतर," ती म्हणाली. "आधी गाडी बाजूला घ्या. मागून ट्रक येऊन राहिला."